बहिणीला दिलेल्या गोळ्या

लाव्ह्याचं माळरान निम्मं संपलं तेव्हा सोलोफामामानं डाव्या पायातली चप्पल काढून हातात घेतली. लुपेसिना चार पावलं पुढे होती. मागून येणारा चपलांचा आवाज बदलला म्हणून तिनं वळून पाहिलं.

"दुखतंय का मामा?"

"अंगठा जरा कुरकुरतोय. कुरकुरू दे. निघताना त्याला कुठे विचारलं होतं?"

"थोडं बसू या."

"बसलो तर उठवायला चार माणसं लागतील, आणि इथं तर कोंबडंसुद्धा दिसत नाही. चल तू."

तेव्हा सवाई बेटाच्या त्या बाजूला डांबरी रस्ता नव्हता. डोंगरातून कधीकाळी वाहत आलेला आणि जागीच थिजलेला काळा दगड दोन्ही बाजूंना, मधून खडीची वाट, आणि खाली लांबवर समुद्राची पांढरी कड. आता तिथून मोटारी वीस मिनिटांत निघून जातात. लुपेसिनाला मात्र तो रस्ता अजून पायांनीच आठवतो. त्या सकाळचा ऊनवारा, पाठीवरच्या झावळ्यांच्या टोपलीत उकडलेल्या तारोच्या कंदांचा वास, आणि मागून येणारा मामा.

माताफागा गावापासून जिल्ह्याचं इस्पितळ नऊ मैल. एरवी बस होती, पण बसवाल्याची आई वारली होती आणि बस तीन दिवस पाहुण्यांची ने-आण करण्यात गुंतली होती. लुपेसिनाची आई सालाफाई इस्पितळात पडून चार दिवस झाले होते. अंगभर लाल पुरळ, ताप, तोंडात फोड, डोळे सुजून मिटलेले. डॉक्टरांना नीट कळत नव्हतं. कोणी गोवर म्हणे, कोणी विषारी मासा खाल्ला म्हणे. गावात तर मेलेली आजी रागावलीय इथपर्यंत बोलणं गेलं होतं, आणि तेल चोळणारी बाई दोनदा येऊन गेली होती.

त्या दिवशी पहाटेची प्रार्थना संपल्यावर मामा शाळेच्या खोलीपाशी येऊन उभा राहिला. लुपेसिना गावच्या शाळेत शिकवायची, नवऱ्याबरोबर शाळेच्याच खोलीत राहायची. "ताईकडे जायचंय. तू चल माझ्याबरोबर," एवढंच म्हणाला. का ते सांगितलं नाही. त्याच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी होतं, पाऊल पडलं की खुळखुळ वाजायचं. पाच मैल ती तो आवाज ऐकत होती.

"खिशात काय आहे मामा?"

तो एकदम म्हणाला, "तुझ्या आईला मी मारलं, पोरी."

सोलोफामामाला ज्यांनी तरुणपणी पाहिलं नाही त्यांना हे वाक्य नुसतं ऐकून काही कळायचं नाही. तो बोनिटो मासा धरणाऱ्या होड्यांचा नाखवा होता. पाखरं कुठल्या पाण्यावर घिरट्या घालतात ते बघून होडी वळवायची, शिंपल्याचा गळ मागे सोडायचा, आणि चांदीच्या रंगाचा मासा हवेतून सरळ मांडीत घ्यायचा. किनाऱ्याला लागला की पहिला मासा पाद्रीबाबांचा, दुसरा बहिणीचा, मग बाकीचं गाव, आणि उरलं तर घर. गावच्या क्रिकेटात तो गोलंदाजी करायचा. आमचं क्रिकेट म्हणजे एका बाजूला तीस-तीस माणसं, आणि बाद झालं की सगळी टोळी टाळ्या वाजवत नाचते. मामा नाचताना पोरीबाळी तोंडावर हात धरून हसायच्या, इतका तो अवघडलेला नाचायचा. पण चेंडू असा टाकायचा की समोरच्यानं बायकोचं नाव विसरावं.

अडतिसाव्या वर्षी एका लग्नाच्या जेवणानंतर त्याचा अंगठा सुजला. लाल, तापलेला, वरून चादर सरकली तरी माणूस ओरडेल असा. गुगू, सांधे सुजवणारा वात. घरोघरी होतं आमच्याकडे, म्हणून कोणी त्याला आजार मानत नव्हतं. लोक हसायचे, "डुकराचं मांस कमी खा रे सोलो, अंगठ्यातून ओरडतंय." मामाही हसायचा. मग गुडघा, मग घोटा, मग मनगट. पुढे पुढे महिन्यातले दहा दिवस तो चटईवर पडून असायचा आणि त्याची होडी वाळूवर पालथी. त्याची बायको त्याच सुमारास गेली. ती गेल्यावर दोन वर्षं त्या होडीखाली कुत्री व्यायली, पण होडी काही पाण्यात उतरली नाही.

मग लानुओला नर्स आली. इस्पितळातून महिन्यातून एकदा गावात यायची, जाडजूड, चष्म्याची, बोलायला तिखट. तिनं मामाचं रक्त घेतलं, तपासायला पाठवलं, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरनं लिहून दिलेली गोळ्यांची बाटली आणली.

"सोलोफा, नीट ऐक. ही गोळी दुखणं मारायची नाही. दुखणं येऊ नये म्हणून आहे. रोज एक, दुखो न दुखो. आधी लहान, मग रक्त बघून मोठी. सुरुवातीला उलट जास्त दुखेल, तेव्हा शिव्या मला दे, पण गोळी सोडू नकोस. भरपूर पाणी पी. आणि अंगावर पुरळ आलं तर त्याच क्षणी बंद करायची आणि माझ्याकडे यायचं, चालता आलं नाही तर लोळत ये."

"आणि माझ्या भावकीत कोणाला दुखलं तर?"

"तुझी कवळी पाद्रीबाबांच्या तोंडात बसेल का?"

"नाही."

"मग गोळी कशी बसेल? तुझ्या रक्ताच्या, तुझ्या मूत्रपिंडाच्या मापानं दिलीय ती. दुसऱ्याला द्यायची नाही. कोणालाही."

मामानं मान डोलावली. पण सगळ्यात अवघड तेच होतं. आमची घरं चारी बाजूंनी उघडी, भिंत नाही. रस्त्यानं माणूस गेला आणि आपण जेवत असलो तर हाक मारायची, "या, जेवायला या." एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही असं मानणारी माणसं आम्ही. मामा सकाळची प्रार्थना झाली की गोळी तोंडात टाकायचा, पण तेव्हा रस्त्याकडे पाठ करायचा. लुपेसिनानं कितीदा पाहिलं होतं ते, शाळेत जाताना. एवढा थोरला माणूस, चोरून खाऊ खाणाऱ्या पोरासारखा खांबाकडे तोंड करून उभा.

पहिले सहा महिने हाल झाले. पण दुसऱ्या वर्षी होडी पाण्यात उतरली. तिसऱ्या वर्षी तो पुन्हा गोलंदाजी करायला उभा राहिला, आणि त्या दिवशी सगळ्या गावानं जो गोंगाट केला तो लुपेसिनाच्या कानात अजून आहे. सालाफाई तर मैदानाच्या कडेला गुडघे टेकून देवाचे आभार मानत होती. भावाच्या डोळ्यातलं बुबुळ म्हणजे बहीण, असं आमच्याकडे म्हणतात. बहिणीनं मागावं आणि भावानं नाही म्हणावं, असं माताफागात कोणाच्या आठवणीत नव्हतं.

"कसं मारलंस?" लुपेसिनानं विचारलं.

मामानं चालता चालता सांगितलं. नव्या चर्चचं उद्घाटन महिन्यावर आलं होतं. महिला मंडळाच्या बायका पांढऱ्या कपड्यांत रांगेनं चालणार आणि सगळ्यांच्या पुढे अध्यक्षा सालाफाई. आणि नेमका तेव्हाच सालाफाईचा अंगठा सुजला. ती नर्सकडे कशी जाणार? मंडळातर्फे घरोघर फिरून संडास, पिण्याचं पाणी, औषधांच्या बाटल्या तपासणारी बाई ती. दर महिन्याला बायकांना उभं करून सांगणारी, "दुसऱ्याचं औषध घेऊ नका गं." संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ती मामाकडे आली.

"सोलो, तुझ्या त्या गोळ्या दे मला थोड्या."

"ताई, नर्स म्हणते..."

"नर्स तुझी बहीण आहे का?"

मामानं अर्धी बाटली तिच्या रुमालात ओतली. "रोज एकच घे," एवढं मात्र म्हणाला. तर ती म्हणाली, "तुला तीन वर्षं वेळ होता, मला एक महिना आहे. मी चार घेते. आणि कोणाला सांगशील तर तुला माझी शपथ."

चार गोळ्यांनी अंगठा बरा झाला नाही, उलट जास्त पेटला. तरी ती घेत राहिली, आणि उद्घाटनाच्या दिवशी ओठ दाताखाली धरून रांगेच्या पुढे चालली. त्यानंतर दोन दिवसांनी ताप आला.

"मग चार दिवस गप्प का बसलास? मेल्या माणसासारखा!" लुपेसिना ओरडली. मामावर ती आयुष्यात कधी ओरडली नव्हती.

"शपथ होती. मला वाटलं, इस्पितळात गेली, आता गोळ्या सुटल्या. काल पाद्रीबाबा भेटून आले. म्हणाले, ताई कमरेला गुंडाळलेल्या लाव्हालाव्हाच्या गाठीत काहीतरी घट्ट धरून असते, कोणाला हात लावू देत नाही. ती अजून घेतेय, लुपे. त्या गोळ्यांनीच पुरळ आलंय, आणि ती त्याच घेतेय, बरं वाटावं म्हणून."

"मग तू एकटाच धावत का नाही गेलास?"

"भावानं बहिणीच्या कमरेच्या गाठीला हात लावायचा? ते तुलाच करावं लागेल. म्हणून तुला आणलं."

त्यानंतर लुपेसिना जवळजवळ पळत होती. मामा मागे पडायचा, पुन्हा गाठायचा. स्वतःची अर्धी बाटली दिल्यापासून तो दिवसाआड गोळी घेत होता, पुरवायला. म्हणून अंगठा कुरकुरत होता. शेवटच्या दोन मैलांत तो कुरकुरत नव्हता, चांगला बोंबलत होता. लुपेसिना मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होती. तिला एकच ओळ आठवत होती आणि ती तीच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

इस्पितळ म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि दोन लांब खोल्या. सालाफाई खिडकीपाशी होती. चेहरा ओळखू येत नव्हता. लुपेसिनानं टोपली खाली टाकली, आईच्या पांघरुणाखाली हात घातला आणि कमरेची गाठ सोडली. सालाफाईनं सुजलेल्या डोळ्यांनी बघितलं आणि मनगट धरायला गेली, पण धरवलं नाही. रुमालात चौदा गोळ्या होत्या.

"सोलो," ती पुटपुटली, "मी तुला शपथ घातली होती."

मामा पलंगाजवळ जमिनीवर बसला होता, बहिणीपेक्षा खाली, जसं बसायचं असतं तसं. "हो ताई. मोडली मी."

लानुओला नर्सनं रुमाल बघितला, बाटली बघितली, आणि मामाकडे बघून तोंड उघडलं. पण त्याच्या पायाकडे लक्ष गेलं तिचं. अंगठा वांग्यासारखा झाला होता. मग ती धावत डॉक्टरकडे गेली.

गोळ्या थांबल्या, सलाईन लागलं, दुसरी औषधं सुरू झाली. डॉक्टर तरुण होता, त्यानं मामाला तीनतीनदा विचारलं, किती दिल्या, कधी दिल्या, ती रोज किती घेत होती. मामानं सगळं सांगितलं, एक गोळीही लपवली नाही. डॉक्टर म्हणाला, हे कळलं नसतं तर आम्ही चुकीच्या वाटेनं जात होतो. सालाफाईची मूत्रपिंडं आधीच अशक्त होती, कोणाला माहीत नव्हतं. ताप उतरायला सहा दिवस लागले आणि अंगाची कातडी सापासारखी निघाली. पण देवानं तिला ठेवलं. तिच्या कार्डावर लाल शाईनं लिहिलं गेलं की या बाईला ही गोळी जन्मात द्यायची नाही.

ते सहा दिवस मामा इस्पितळाच्या ओसरीत राहिला. त्याच्या अंगठ्यासाठी नर्सनं वेगळ्या गोळ्या दिल्या, बारीक, एकेक मोजून. "ह्या दुखतंय तेवढेच दिवस. सांगितल्यापेक्षा एक जास्त घेतलीस तर उलट्या-जुलाबांनी जाशील, आणि मला तुझ्या बहिणीचं तोंड बघावं लागेल. रोजच्या गोळीचं काय ते रक्त बघून सांगते. तोवर पाणी पी."

"पितोय. बेडूक झालोय."

"बेडूक बरा. तो कोणाला गोळ्या वाटत नाही."

सातव्या दिवशी सालाफाई उशीला टेकून बसली. लुपेसिना तिला चमच्यानं खोबऱ्याच्या दुधातला भात भरवत होती, मामा खाली बसून पंखा हलवत होता. रक्ताचा निकाल सकाळीच आला होता, आणि मामाच्या रोजच्या गोळ्यांची नवी बाटली त्याच्या खिशात होती. सालाफाईचा आवाज अजून बसलेला होता, पण आवाजातली अध्यक्षा मात्र परत आली होती.

"सोलो, पाद्रीबाबांचा गुडघा फार सुजलाय रे. पुढच्या रविवारी त्यांना प्रवचनाला उभं राहायचंय. चार-पाच गोळ्या पाठव त्यांना. त्यांना काय होतंय, त्यांची मूत्रपिंडं काही माझ्यासारखी नाहीत."

लुपेसिनाचा चमचा हवेतच राहिला. तिनं मामाकडे पाहिलं. मामाचा पंखा थांबला होता आणि त्याचा दुसरा हात, त्याला न विचारता, सदऱ्याच्या खिशाकडे गेला होता. बोटं बाटलीच्या झाकणावर होती.

"आई!" लुपेसिना म्हणाली. "तोंड उघड. भात संपव."

"मी त्याच्याशी बोलतेय."

"आणि मी तुझ्याशी बोलतेय."

सालाफाईनं भात गिळला. मामा उठला, लंगडत बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

दुपारी एक खोबऱ्याचा ट्रक माताफागाकडे जाणार होता. सालाफाईजवळ लुपेसिनाची चुलत बहीण राहायला आली, म्हणून ते दोघं निघाले. फाटकाबाहेरच्या दगडावर ट्रकची वाट बघत बसले. समोर ऊन उतरत होतं, पोरं लाकडाच्या बॅटीनं खेळत होती आणि एक जण दर चेंडूला भांडत होता. मामा त्यांच्याकडे बघत होता. बाटली त्यानं खिशातून काढून दोन्ही तळव्यांत धरली होती.

"बघितलंस ना मघाशी?" तो म्हणाला.

"बघितलं."

"बहीण मरता मरता वाचली आणि तरी हात गेला. मी नाही गेलो गं, हात गेला. चाळीस वर्षांची सवय आहे त्याला. ती मागेल, पाद्रीबाबांसाठी मागेल, मंडळातल्या बायकांसाठी मागेल. गोळ्या माझ्याजवळ आहेत तोवर माझ्या तोंडून 'नाही' निघायचं नाही. मी स्वतःला ओळखतो."

"मग नर्सला सांगू. ती आईला दम देईल."

"नर्स तिची बहीण आहे का?" आणि तो हसला, त्या आठवड्यात पहिल्यांदा.

ट्रकचा आवाज लांबून यायला लागला. मामानं बाटली लुपेसिनाच्या मांडीवर ठेवली.

"तुझ्या शाळेत खडू ठेवायचं कपाट आहे. त्याला कुलूप आहे, आणि पोरांचा हात पोचत नाही. किल्ली तुझ्या गळ्यात असते. ही बाटली त्यात ठेव. तुझी आई तुझ्याकडे मागणार नाही, हुकूम करेल, आणि तिचे हुकूम तू मोडतेस ते मी तू एवढीशी होतीस तेव्हापासून बघतोय. मी रोज सकाळी घंटेच्या आधी येईन. एक गोळी दे आणि तुझ्यासमोर पाण्याबरोबर गिळायला लाव. दोन मागितल्या तर, कोणासाठीही मागितल्या तर, मामा आहे हे विसर आणि मला पोरांच्या देखत हाकलून दे. एवढं करशील का माझ्यासाठी?"